अकरा देश आणि बायडाबाईचं बी

धनराजच्या नोकरीचं नाव त्याच्या नोकरीपेक्षा मोठं होतं. 'कनिष्ठ समन्वय सहायक (कंत्राटी), भारत-आफ्रिका व्यापार संवाद, नाशिक सत्र.' हे सगळं ओळखपत्रावर मावेना म्हणून त्याचा फोटो लहान केला होता, इतका की तो कुणाचाही असू शकला असता.

हा संवाद दिल्लीत सुरू होऊन पुढे चार शहरांत फिरणार होता. नाशिकच्या वाट्याला मे महिन्यातला एक दिवस आला. अकरा देशांचे तेवीस प्रतिनिधी, सकाळी द्राक्षं, दुपारी जेवण, चारला करार, सहाला निरोप. मे महिन्यात वेलीवर द्राक्षं नसतात, हे पत्रिका छापून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. मग द्राक्षांच्या जागी बेदाणे आले. कांद्याचा विषय पाहुण्यांपुढे काढू नये अशी सूचना आली, कारण कांद्याचा विषय काढला की आपलीच माणसं आपसात भांडतात. धनराज चांदवडचा, कांद्याच्या घरातला. त्याला ही सूचना मनापासून पटली.

राहता राहिला मंचाचा प्रश्न. कार्यक्रमाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या स्नेहल मॅडमनी कुठंतरी वाचलं होतं की नागली, म्हणजे नाचणी, हे धान्य मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, आणि हजारो वर्षांपूर्वी ते समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं.

"कळलं का धनराज? हा आपला पहिला व्यापार," मॅडम म्हणाल्या. "कुणाची सही नाही, पण माल पोचला. मंचाच्या मधोमध मला खऱ्या नागलीची कणसं हवीत. प्लास्टिकची नकोत. आणि थोडी नकोत."

मे महिन्यात नागलीची कणसं जगात एकाच जागी सापडतात: बियाण्यासाठी चुलीवर टांगलेली. हे धनराजला बारकूनं सांगितलं. बारकू वणी ते सुरगाणा जीप चालवायचा. त्याच्या जीपमध्ये नऊ माणसं बसत आणि एकोणीस जात. "माझ्या चुलत आत्याकडं हायेत दोन जुड्या," तो म्हणाला, "पण ती देणार नाय."

आत्या म्हणजे बायडाबाई. सुरगाण्याच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी सात-आठ घरांचा पाडा, त्यातलं शेवटचं घर तिचं. धनराज आत गेला तेव्हा तिची सून सविता नव्या कोऱ्या गॅसच्या शेगडीवर चहा ठेवत होती आणि बायडाबाई त्या शेगडीकडे, पाहुणा जायचं नाव घेत नसावा, तशी बघत होती. चुलीवर, छपराच्या वाशाला, नागलीच्या दोन भरगच्च जुड्या लटकत होत्या. धुरानं काळ्याभोर झालेल्या.

"मावशी, फक्त तीन-चार दिवस. जशा नेतो तशा आणून देतो."

"जशा म्हंजे?"

"म्हणजे जशाच्या तशा."

"हे बी हाय, साहेब. दुकानातलं नाय. माझ्या माहेरची गरवी नागली, उशिरा पिकणारी. आमचा उतार बघितला ना? तिथं दुसरी नागली लोळते, ही उभी राहते. औंदा पिकली थोडी, खायची होती ती होळीलाच सरली. आता जे काय हाय ते हे."

"म्हणूनच तर! अकरा देश बघतील."

"बघून काय करतील?"

परिषदेची चौदा पानी टिपणी धनराजनं तीनदा वाचली होती. तिच्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "टाळ्या वाजवतील," तो म्हणाला.

बायडाबाई हसली. "वाजवू दे बिचाऱ्यांना. एक जुडी ने."

इथं धनराजला थांबता आलं असतं. पण मॅडमचं 'थोडी नकोत' त्याच्या कानात होतं, आणि मंच चाळीस फुटी होता.

"एक दिसणार नाही हो मावशी. दोन्ही लागतील."

त्यानं खिशातून पाकीट काढलं. बायडाबाईनं ते न बघताच मागं सारलं. "बी विकत नसतात. बी देतात, आन परत आणून देतात. सविते, उतरव." आणि सविता स्टुलावर चढल्यावर धनराजला समजावत म्हणाली, "गॅसवर धूर होत नाय. बियाला धूर लागतो, नायतर किडा पडतो. म्हणून रोज संध्याकाळची चूल पेटवायला लावते हिला. करते, पण तोंड वाकडं करून."

सवितानं वाकड्या तोंडानंच जुड्या खाली दिल्या.

परिषदेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी धनराजनं जुड्या कार्यक्रमाच्या हॉटेलात नेऊन मंचाजवळच्या टेबलावर ठेवल्या आणि तो विमानतळावर पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या धरायला गेला. सकाळी आला तर टेबल रिकामं. धुराची काजळी पांढऱ्या टेबलक्लॉथला लागली होती. हॉटेलच्या माणसांनी टेबलक्लॉथ धुवायला टाकला, आणि ज्याच्यामुळं तो मळला तेही टाकलं. त्यांच्या दृष्टीनं हे सरळ होतं.

जुड्या हॅंगरला लावून, वर पारदर्शक प्लास्टिक चढवून परत आल्या. सोनेरी, फुललेल्या, मोगऱ्याचा वास मारणाऱ्या. सोबत चिठ्ठी होती: 'नग दोन. धुलाई. गरम सुकवणी.'

"एक दाणा पडू दिला नाही सर," धुलाईवाला माणूस म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा अभिमान होता. "नाजूक कपड्यांची जाळीची पिशवी असते ना, तिच्यात घातलं. ऐंशी डिग्रीला चाळीस मिनिटं. आतली ओलसुद्धा काढली."

धनराज शेतकऱ्याचा मुलगा. आतली ओल काढलेल्या बियाण्याला काय म्हणतात, ते त्याला माहीत होतं. त्याला धान्य म्हणतात.

"वा!" मागून स्नेहल मॅडम आल्या. "आता कसं मंचावर ठेवण्यासारखं दिसतंय! आणलं होतंस तेव्हा मला वाटलं, जळकं आणलंस की काय."

"मॅडम, हे एका बाईंचं बियाणं होतं."

"गोड! निवेदनात घालू. बाईंचं नाव काय?"

निवेदनात नाव राहून गेलं, कारण एका मंत्रिमहोदयांच्या सचिवाचं नाव घालायचं राहिलं होतं आणि जागा तेवढीच होती.

अकराच्या सुमाराला बियाणं-देवाणघेवाणीचा सोहळा झाला. प्रमुख पाहुण्यांनी एक जुडी केनियाच्या प्रतिनिधी डॉ. अचिएंग यांच्या हातात दिली. निवेदक गहिवरून म्हणाला, "हजारो वर्षांनी नागली पुन्हा आफ्रिकेच्या हातात!" टाळ्या. पण रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर बियाणं देशाबाहेर जात नाही, म्हणून लगेच डॉ. अचिएंग यांनी जुडी परत दिली. निवेदक म्हणाला, "आणि पुन्हा आपल्या हातात!" पुन्हा टाळ्या. नागलीचा दोन खंडांचा प्रवास चाळीस सेकंदांत आटोपला. फोटो मात्र नीट आला नाही, म्हणून तो आणखी एकदा करावा लागला.

जेवणाच्या वेळी डॉ. अचिएंग मंचाजवळ एकट्याच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, डोक्याला पिवळं कापड बांधलेल्या. त्यांनी एक दाणा सुटा केला, हुंगला, दाताखाली फोडला. मग ओळखपत्र दिसलं म्हणून धनराजला हाक मारली. दोघंही इंग्रजीत बोलत होते आणि दोघांचंही इंग्रजी आपापल्या गावचं होतं, त्यामुळे छान समजत होतं.

"हे धुतलंय का?"

"थोडंसं."

"आणि तापवलंय. माझी आई आमच्याकडे अशीच चुलीवर टांगते. आम्ही विंबी म्हणतो. धुतलेलं तिला दाखवलं तर ती मला घरात घेणार नाही." त्या हसल्या, मग थांबल्या. "हे आता उगवणार नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"कुणाचं बियाणं नव्हतं ना हे?"

आता पाहा, ही बाई दुसऱ्या दिवशी विमानात बसून जाणार होती. तिला खरं सांगून धनराजचं काही बिघडणार नव्हतं. कदाचित तिनं काही सुचवलंही असतं, ती शेतीचीच डॉक्टर होती. पण तिच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती की ती काळजी आपल्यामुळे आहे हे धनराजला बघवेना.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "कुणाचंच नाही. सजावटीचं आहे."

डॉ. अचिएंगनी मोकळा श्वास सोडला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि नागलीचं एक बिस्किट उचललं. त्याच्या खांद्यावर ते थोपटणं पुढचे पन्नास दिवस राहिलं.

पुढच्या रविवारी दुपारी धनराजनं पंचवटीतून गोवऱ्या आणल्या आणि पाथर्डी फाट्यावरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत, बाल्कनीत, लोखंडी घमेल्यात पेटवल्या. वर कपडे वाळवायच्या दोरीला दोन्ही जुड्या उलट्या टांगल्या. धूर जिन्यातून वर-खाली दोन्हीकडे गेला. खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाई पदर नाकाला लावून वर आल्या.

"काय जाळतोयस रे?"

"काही नाही काकू. नागलीला धूर देतोय."

"मुंज आहे का तिची?"

"तिचा मूळ रंग आणतोय."

वत्सलाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "एकटा राहतोस, त्यानं होतं असं," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

संध्याकाळपर्यंत जुड्या काळ्या झाल्या. पूर्वीसारख्या नाही, पण संध्याकाळच्या उजेडात चालून जाईल इतपत. म्हणून दुसऱ्या दिवशी तो पाड्यावर मुद्दाम संध्याकाळीच पोचला.

बायडाबाईनं जुडी हातात घेतली आणि हुंगली. "ह्याला फुलाचा वास येतो."

"हॉटेलात होतं ना मावशी. तिथं सगळ्यालाच येतो."

"माणसांना पण?"

"माणसांना जास्त."

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. धनराजनं तिला मोबाइलवर मंचाचा फोटो दाखवला. मंत्री, प्रतिनिधी, झेंडे, फुलं. तिनं सगळ्यांवरून बोट फिरवून मधली जुडी शोधली. "शोभतंय माझं बी," म्हणाली. मग सविताला करवंदं आणायला सांगितली आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात भरून ती त्याच्या हातात दिली.

धनराज 'मावशी' असं म्हणाला. बायडाबाई म्हणाली, "काय?" धनराज म्हणाला, "करवंदं गोड असतील ना?"

एवढंच. सांगायची वेळ आली होती आणि त्यानं करवंदांची चौकशी केली. परतीच्या जीपमध्ये त्यानं ती सगळी खाल्ली. अपराधी माणसाची भूक मरते हे साफ खोटं आहे.

जुड्यांमधले वीस दाणे त्यानं ठेवून घेतले होते. ते ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले. शेजारी, तुलनेसाठी, मटकी. तिसऱ्या दिवशी मटकीला एवढे मोड आले की तिची उसळ करावी लागली. आठव्या दिवशीही नागली आहे तशीच होती, फक्त ओली.

आता मात्र नक्की होतं. मग धनराज काय करायला लागला, तर बारकूला निरोप लिहायला लागला. लिहायचा, वाचायचा, पुसायचा. एकदा 'आत्याला सांग, बी पेरू नको' इतकं लिहून झालं होतं. पण पुढं 'का' लिहावं लागलं असतं. शिवाय तिचा नंबर नव्हता, शिवाय तिकडे रेंज नव्हती, शिवाय वीस दाणे म्हणजे काही सगळे दाणे नव्हेत, एखादी जुडी मशीनच्या कडेला राहिली असेल, कमी तापली असेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे पेरण्या होतात. जूनचा दुसरा आठवडा धनराजनं कार्यालयात बसून परिषदेचा अहवाल लिहीत घालवला. त्यात एक रकाना होता: 'कार्यक्रमात झालेली हानी.' त्यानं लिहिलं, 'निरंक.' मग उठून पाणी प्यायला.

जुलैच्या सुरुवातीला स्नेहल मॅडमचा फोन आला. "धनराज, पुढचं सत्र आफ्रिकेत आहे. पुस्तिका काढतोय. मला त्या नागलीवाल्या बाईंचा फोटो हवा. हिरव्यागार शेतात, हसताना. आडवा."

"मॅडम, आत्ता पाऊस आहे."

"मग छत्री दे त्यांना. तिरंगी मिळाली तर बघ."

जीपमध्ये धनराज पुढं बसला. दोन्ही बाजूंच्या उतारांवर नागलीच्या रोपांचे हिरवे चौकोन दिसत होते. नागली आधी भाजलेल्या जमिनीच्या तुकड्यात पेरतात, त्याला राब म्हणतात. तिथं रोप वीतभर झालं की उपटून शेतात लावतात.

"आत्याचा राब उगवलाच नाय," बारकू गिअर टाकत म्हणाला. "एक काडी नाय. सगळ्यांचा हिरवा, हिचा काळाच्या काळा."

धनराज पुढच्या काचेकडे बघत राहिला.

"सविताच्या नावानं खापर फुटलंय. आत्या म्हणते, गॅसमुळं झालं. धूर कमी पडला, बी आतून मेलं. तीन आठवडे झाले, सुनेशी बोलत नाय. शेळीला सांगते."

"कुणाला?"

"शेळीला. 'त्या बाईला म्हणावं, पाणी आण.' मग सविता पाणी आणते. शेळी बिचारी मधी उभी."

घरात शिरताच धनराजच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरामुळे. दिवसाढवळ्या चूल पेटलेली होती आणि सविता खोकत खोकत फुंकणीनं फुंकत होती. तिचे डोळे लाल झाले होते. गॅसची शेगडी प्लास्टिकच्या गोणीत बांधून खाटेखाली ढकललेली होती. दारात शेळी होती.

"ये साहेब," बायडाबाई म्हणाली. ती खाटेवर बसली होती, पण मागच्या वेळेपेक्षा तिनं कमी जागा व्यापली होती. "फोटोला आलास? बारकू म्हणला. आता कशाचा काढतोस. चाळीस वर्षं हे बी धरलं मी. आईनं लग्नात दिलेलं. माझ्या हातानं संपलं."

"तुमच्या हातानं नाही," धनराज म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. टेबलक्लॉथ, जाळीची पिशवी, ऐंशी डिग्री. केनियाच्या बाईंनी विचारलं तेव्हा 'कुणाचंच नाही' म्हणाला, तेही सांगितलं. फुंकणीचा आवाज थांबला.

बायडाबाई खाटेवरून खाली उतरली. मग म्हणाली, "कवा कळलं तुला, बी मेलं म्हणून?"

"त्याच दिवशी."

"आन परत आणून दिलंस ते?"

"पाचव्या दिवशी."

"तवा पेरायला पंधरा दिवस होते. माहेरी भावजयीकडं हेच बी टांगलेलं होतं. ओंजळभर घेऊन आले असते मी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "धुतलं त्या हॉटेलवाल्यानं. त्याला काय ठाव? पेरलं मी. मला काय ठाव? मधी तू होतास. तुला ठाव होतं. तू काय केलंस मधल्या दिवसांत?"

"धूर दिला."

"कशाला?"

"जुड्यांना. घरी, बाल्कनीत. गोवऱ्या पेटवून. तुम्हाला कळू नये म्हणून."

पहिल्यांदा सविता हसली. फिसकन हसली, मग तोंडावर पदर दाबून हसली, मग फुंकणी खाली ठेवून उठली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते धुराचं नव्हतं. ती धनराजच्या समोर येऊन उभी राहिली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी चूल फुंकते. लेकरू खोकतंय धुरानं. माझ्या बापानं घेऊन दिलेला गॅस खाटेखाली. माहेरी फोन करून रडले मी, की माझ्यामुळं यांचं बी गेलं. आन तू बाल्कनीत गोवऱ्या पेटवतो?"

धनराजला खाली बघायचं होतं, पण खाली शेळी होती.

सवितानं खाटेखालून शेगडी ओढली, गोणीची गाठ दातानं सोडली, नळी लावली आणि चहाचं आधण ठेवलं. बायडाबाई ते बघत होती. शेवटी सुनेलाच म्हणाली, "साखर वरच्या डब्यात हाय."

"ठाव हाय मला," सविता म्हणाली. पण तिनं सासूचा कप आधी भरला.

मग बायडाबाई दाराकडे वळली आणि शेळीला म्हणाली, "त्या साहेबाला म्हणावं, जीपमधी बस."

तिचं माहेर गुजरातच्या हद्दीला लागून, तासाभराच्या वाटेवर. वाटेत ती बारकूशी बोलली, सोबत आलेल्या सविताशीसुद्धा दोन शब्द बोलली, रस्त्यातल्या एका म्हाताऱ्याला थांबवून त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. धनराज मागच्या पायरीवर लोंबकळत होता. शेळी घरी राहिली होती, त्यामुळे त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

भावजय आक्काबाई आठ-दहा बायांना घेऊन उतारावर लावणी करत होती. डोक्यावर इरलं, हातात रोपांची पेंढी. बायडाबाई बांधावर थांबली.

"बी आता कुणाकडंच नाय, सगळ्यांनी पेरलं. आता मिळालं तर रोप मिळंल," ती समोर बघत म्हणाली. धनराजशीच बोलत होती, पण पत्ता न घालता. "मी मागणार नाय. चाळीस वर्षांत मागितलं नाय. तू माग. आन का मागतोस ते पण सांग. सगळं."

धनराजनं अकरा देशांच्या सुरक्षाव्यवस्थेशी बोलणी केली होती. पण त्या उतारावर, दहा बायांसमोर, भर पावसात उभं राहून त्याला सुरुवात करता येईना. शेवटी त्यानं परिषदेत प्रतिनिधी करतात तसंच केलं, आधी स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगितला. हुद्दा संपेपर्यंत एका बाईची पेंढी लावून झाली.

मग त्यानं सगळं सांगितलं.

"थांब थांब," एक बाई म्हणाली. "कशात घातलं म्हणला?"

"जाळीच्या पिशवीत."

"कशाच्या जाळीच्या?"

"नाजूक कपड्यांच्या."

उतारभर हसू पसरलं. वरच्या टोकाच्या दोघींना ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यानं सांगितलं. दुसऱ्या वेळी 'कुणाचंच नाही' या जागी पोचल्यावर कुणी हसलं नाही. तेव्हा मागं वळून बघायची हिंमत त्याला झाली नाही, कारण मागं बायडाबाई उभी होती.

आक्काबाईनं कंबर सरळ केली. "रोप आमचं आम्हाला पुरतंय का नाय, आत्ताच सांगता येत नाय. लावणी उरकली की उरंल ते नेऊ देईन. उरकायला हात पाहिजेत. वाकता येतं का?"

"येतं."

"मग वाक."

तो वाकला. सविता वाकली, बायडाबाई वाकली, शेवटी जीपच्या काचा लावून बारकूही वाकला. दुपारी खिशातला फोन वाजला. एवढ्या डोंगरात रेंज नेमकी तिथंच होती.

"मिळाला का फोटो?" स्नेहल मॅडम.

"मॅडम, शेत नाहीये. बी मेलं होतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. अहवालातसुद्धा मी खोटं लिहिलंय."

"हॅलो? तुटतंय. आडवा काढ, आडवा!"

तो फोन खिशात घालून पुन्हा वाकला.

चार वाजता आक्काबाईचं शेत संपलं. राबात जे रोप उरलं ते तिनं धनराजलाच उपटायला लावलं. फार नव्हतं. बायडाबाईच्या उताराचा तिसरा हिस्सा जेमतेम भरला असता. "हे खायला नाय पुरणार गं वन्सं," आक्काबाई म्हणाली.

"खायला नकोच. औंदा सगळं बियालाच ठेवीन. भाकरी पुढच्या साली."

परतताना रोपांच्या पेंढ्या सीटवर बसल्या आणि माणसं उभी राहिली. घरी पोचताच बायडाबाई चहासुद्धा न घेता उतारावर गेली. धनराज पेंढी उचलायला पुढं झाला.

"ह्याला हात लावू नको," ती म्हणाली.

जीपमध्ये बसल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलली होती. तो बांधावर उभा राहिला. सासू आणि सून ओळीनं खाली उतरत गेल्या, एकीच्या हातातली काडी संपली की दुसरी न मागता पुढं करत होती. बारकूनं खालून हॉर्न दिला. शेवटची खेप होती. धनराजनं हातानं 'जा' म्हणून खूण केली. सवितानं मान वर करून पाहिलं. "उभा राहून काय होणार हाय? बस की," म्हणाली. तो ओल्या दगडावर बसला.

रोपं संपली. तिसरा हिस्सा झाला आणि त्याच्या खाली नांगरलेला उघडा उतार तसाच राहिला. बायडाबाई हात धुऊन बांधावर आली, त्याच्याजवळ थांबली.

"फोटोला आला होतास ना? काढ."

धनराजनं मोबाइल काढला, पडदा सदऱ्याला पुसला. एक पाऊल मागं गेला, मग आणखी एक. वरची हिरवी पट्टी आली की खालचं रान सुटत होतं, आणि खालचं रान धरलं की वरची पट्टी.

"मावशी, सगळं एकात मावत नाही."

"मग दोन काढ," बायडाबाई म्हणाली. "एक लावलेल्याचा, एक राहिलेल्याचा. आन त्यांना दाखवशील तवा राहिलेल्याचा आधी दाखव."

त्यानं मोबाइल आडवा धरला आणि राहिलेल्याचा आधी काढला.